तीन मैलांवरचा परदेश

बँकेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्या एकतीस वर्षांत सगळ्यांत जास्त काय केलं असेल, तर रकाने भरले. नाव, गाव, गट नंबर, कर्जाची रक्कम, थकलेले हप्ते. अगदी शेवटी एक अरुंद रकाना असे, थकबाकीच्या कारणाचा. त्यात मावेल तेवढंच कारण कर्जदाराला असायचं.

१९८६ साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी होते. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून भूमिहीनांना शेळ्यांसाठी कर्जं देण्याचे ते दिवस. जवळच्या एका वस्तीवर जाऊन एका कुटुंबाचा अर्ज मी स्वतः भरून आणला होता. दहा शेळ्या आणि एक बोकड. पहिलं वर्षभर हप्ते अगदी वेळेवर आले. दुसऱ्या वर्षी एकाएकी थांबले. वसुलीला गेले तेव्हा दारात एकही शेळी नव्हती. घरातली म्हातारी काही बोलली नाही, फक्त मला गावाबाहेर घेऊन गेली. गावच्या गायरानाला तारेचं कुंपण पडलं होतं आणि आत झाडांची रोपं लावलेली होती. शेळ्या चारायच्या कुठं? विकून टाकल्या.

शाखेत परतले, रजिस्टर उघडलं आणि त्या रकान्यात लिहिलं : कर्जदाराची अनास्था. कारण वरच्या आठ ओळींत तेच लिहिलेलं होतं. गायरान हा शब्द काही फार लांब नाही, तो तिथं सहज मावला असता. पण मी तो लिहिला नाही, हे खरं.

ही गोष्ट मी पार विसरून गेले होते. आठवली ती फार पुढे, निवृत्तीनंतर, एका इंग्रज कवीचं चरित्र वाचताना. जॉन क्लेअर हे त्याचं नाव. हेल्पस्टन नावाच्या लहानशा खेड्यात १३ जुलै १७९३ रोजी तो जन्मला आणि त्याच खेड्याच्या मातीत १८६४ साली पुरला गेला. मधल्या सत्तर वर्षांत त्याच्याबरोबर जन्मलेलं ते खेडं मात्र त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं. घरं होती, चर्च होतं, माणसं होती. पण गाव गेलं. हे कसं होतं, ते आपल्याकडच्या माणसाला फार समजावून सांगावं लागणार नाही.

हेल्पस्टन आजच्या पीटरबरो शहरापासून सात-आठ मैलांवर आहे. एका अंगाला चुनखडीचा उंचवटा, त्यावर राई आणि माळ; दुसऱ्या अंगाला दृष्टी पोचेल तिथवर सपाट, पाणथळ प्रदेश. या दोहोंच्या सीमेवर हे गाव. क्लेअरचा बाप पार्कर शेतमजूर होता. दुसऱ्याच्या खळ्यावर धान्य झोडपायचं, हा त्याचा धंदा. पण गळ्यात गाणं होतं; शंभरावर लोकगीतं त्याला तोंडपाठ होती. आईला अक्षरओळख नव्हती. जॉनच्या पाठीला पाठ लावून एक जुळी बहीण जन्मली होती, ती काही आठवड्यांतच गेली. ती धट्टीकट्टी होती म्हणतात, आणि हा किरकोळ. राहिला तो हा.

लहानपणी एकदा हा मुलगा एमन्सेल्स हीथ नावाच्या माळावरून सरळ चालत सुटला. आभाळ जिथं जमिनीला टेकतं तिथं जग संपत असणार, तिथवर जाऊन खाली वाकून बघावं, असा त्याचा बेत! चालता चालता ओळखीची झाडंझुडपं संपली. फुलं वेगळी दिसू लागली, पाखरंही जणू आपल्याला ओळखत नाहीत असं त्याला वाटलं. संध्याकाळी कसाबसा घरी पोचला, तोवर अर्धं गाव त्याला शोधायला बाहेर पडलं होतं. पुढं मोठेपणी त्याचं जे झालं, ते सगळं या एका दिवसात आहे, असं मला वाटतं. ओळखीच्या जागेत तो स्वतःला सापडत असे, आणि ती संपली की हरवत असे.

शाळा वर्षाकाठी जेमतेम तीन महिने. फीचे पैसे त्यानं स्वतः खळ्यावर काम करून मिळवायचे. बापानं त्याच्यासाठी हलकंसं झोडपणं बनवून दिलं होतं. शेजारच्या ग्लिंटन गावच्या चर्चमध्ये भरणाऱ्या शाळेत मेरी जॉइस नावाची एका शेतकऱ्याची मुलगी होती. तिच्यावर त्याचा जीव जडला. मजुराचा मुलगा आणि सुखवस्तू शेतकऱ्याची मुलगी! जे व्हायचं तेच झालं. पण हे नाव लक्षात ठेवावं, ते पुढे पुन्हा येणार आहे.

तेरा वर्षांचा असताना जेम्स थॉमसन या कवीचं ऋतूंवरचं काव्य त्याच्या पाहण्यात आलं आणि त्यानं झपाटल्यासारखा बापामागे पैशांसाठी लकडा लावला. पैसे घेऊन तो स्टॅमफर्डला चालत गेला, तर रविवार! दुकान बंद. मग त्याच्याकडे घोडी राखायचं काम होतं, ते एका पोराच्या गळ्यात घालून, वर त्याला एक पेनी देऊन, तो पुन्हा गेला. पुस्तक घेऊन परतताना घरी पोचण्याइतकाही धीर निघेना. वाटेत बर्ली हाउस या सरदारवाड्याच्या बागेची भिंत चढून तो आत गेला आणि हिरवळीवर बसून वाचू लागला. तिथंच त्याच्या स्वतःच्या ओळी जुळू लागल्या.

पुढे तो जे मिळेल ते काम करत राहिला. गावच्या ब्लू बेल या खानावळीत नोकर, बर्ली हाउसच्या बागेत माळी, काही काळ सैन्यदलात, मग चुन्याच्या भट्टीवर मजूर. काम करता करता सुचेल ते टोपीवर कागद ठेवून लिहायचं आणि घरी भिंतीच्या भोकात लपवायचं. आईला वाटे, पोरगा अक्षरं गिरवतो. ती ते कागद चुलीत सारी. आईबापांना तो आपल्या कविता वाचून दाखवी, पण दुसऱ्या कुणाच्या तरी म्हणून. त्यांना आवडल्या तर ठेवायच्या, समजल्या नाहीत तर सोडून द्यायच्या. मला हा संपादनाचा प्रकार फार आवडतो. आम्हा लेखकांना असे वाचक घरात मिळत नाहीत, आणि मिळाले तर आम्ही त्यांचं ऐकत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. जुन्या हेल्पस्टनला तीन मोठी शेतं होती. त्यांत सगळ्यांच्या पट्ट्या. मध्ये कुंपणं नाहीत. आलटूनपालटून एक शेत पडीक ठेवायचं आणि त्यावर गावची गुरं सोडायची. त्याखेरीज माळ आणि राई. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्यालाही तिथं गाय चारता येई, सरपण वेचता येई, वाट तुडवता येई. हा हक्क बहुतेकांच्या बाबतीत कागदावर नव्हता. तो वहिवाटीचा होता. फिरस्त्या जिप्सींचे तळही त्याच माळांवर पडत. त्यांच्यात बसून क्लेअर फिडल वाजवायला शिकला.

१८०९ साली पार्लमेंटनं हेल्पस्टन आणि आसपासच्या गावांसाठी जमीनबंदिस्तीचा कायदा केला. इंग्लंडात असे कायदे त्या काळात हजारोंनी झाले. सामाईक जमीन मोजायची, तिचे तुकडे पाडायचे, कागदोपत्री हक्कदारांना वाटून द्यायचे आणि प्रत्येकानं आपापला तुकडा कुंपणानं बंद करायचा. नेपोलियनशी युद्ध चाललेलं, धान्याला भाव आलेला. शेती सुधारेल, उत्पन्न वाढेल, हा हिशेब चुकीचा नव्हता. खरं सांगायचं तर असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मीही मंजुरीची शिफारस केली असती. ज्याचं काहीच नोंदलेलं नव्हतं त्याचं काय जाणार आहे, हे प्रस्तावात कुठंच दिसत नाही.

मोजणी, वाटप, कुंपणं हे सगळं दहा-अकरा वर्षं चाललं. ओढे सरळ केले गेले, झाडं तुटली, पायवाटा बंद झाल्या आणि माळावर मज्जाव करणाऱ्या पाट्या लागल्या. आणि या कुंपणांची रोपं लावायला, खांब ठोकायला जे मजूर लागले, त्यांत जॉन क्लेअरही होता. पोटासाठी त्यानं आपल्याच बालपणाला कुंपण घातलं. यावर मी काही भाष्य करू नये, हेच बरं.

जमीनवाटपाचा अंतिम निवाडा जाहीर झाला १८२० साली. त्याच वर्षीच्या जानेवारीत क्लेअरचा पहिला कवितासंग्रह लंडनला निघाला. प्रकाशक टेलर आणि हेसी, म्हणजे कीट्सचेच. एका खेडवळ मजुराच्या कविता म्हणून लंडनला नवल वाटलं आणि वर्षभरातच पुस्तकाच्या पुन्हा पुन्हा आवृत्त्या निघाल्या. कीट्सचं त्याच वर्षीचं पुस्तक त्यापुढं मागं पडलं. क्लेअरला लंडनला बोलावणं आलं. अंगावरचे कपडे मजुराचे. ते झाकायला टेलरनं एक मोठा ओव्हरकोट दिला. दिवाणखान्यात उकडत असलं तरी हा तो कोट काढीना!

त्याच वर्षी मार्चमध्ये मार्था टर्नरशी, म्हणजे पॅटीशी, त्याचं लग्न झालं. संसार वाढला. पुढे सात मुलं, म्हातारे आईबाप, आणि मिळकत काय? मी बँकेतली, त्यामुळे हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. उमराव मंडळींनी वर्षासनं बांधून दिली : एक्सेटरच्या सरदारानं पंधरा पौंड, स्पेन्सरनं दहा. वर्गणी गोळा करून ती सरकारी रोख्यांत गुंतवली. सगळं धरून वर्षाला पंचेचाळीस पौंडांच्या आसपास. कागदावर ठीक वाटणारी रक्कम, पण दहा तोंडांना अपुरी. शिवाय मुद्दलाला हात लावायची मुभा नाही. पुढे सरकारनं रोख्यांचा दर पाचावरून चार टक्क्यांवर आणला आणि कवीचं उत्पन्न बसल्या जागी घटलं. लंडनहून लोक गाडी करून त्याला बघायला येत, शेतातून बोलावून घेत, गप्पा मारून जात. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडे, ती कोण देणार?

आश्रयदात्यांना आणखी एक गोष्ट हवी होती. पहिल्या संग्रहात गावावरची एक कविता होती. श्रीमंतीच्या हव्यासानं गाव कसं उजाड केलं, हे तीत उघडउघड म्हटलेलं. लॉर्ड रॅडस्टॉक या आश्रयदात्याला त्या ओळी खटकल्या. गरिबानं पाखरांवर लिहावं, मालकांवर लिहू नये! नंतरच्या आवृत्तीत त्या ओळी गाळल्या गेल्या. क्लेअरला ते मनापासून पटलं नव्हतं, पण सात मुलांचा बाप होऊ घातलेल्या माणसाला फार ताणून धरता येत नाही.

तो लिहीत राहिला. स्वॉर्डी वेल नावाची गावची एक जुनी दगडाची खाण होती, तिथं गवत, रानफुलं, फुलपाखरं. बंदिस्तीत तिचंही सामाईकपण गेलं. क्लेअरनं त्या जमिनीलाच बोलतं केलं. धर्मादायावर जगायची पाळी आलेल्या माणसासारखी ती जमीन स्वतःची कैफियत मांडते. ती कविता त्याच्या हयातीत छापली गेली नाही. पाखरांवर मात्र त्यानं अपार लिहिलं. शंभरावर जातीची पाखरं त्यानं स्वतः पाहून नोंदलेली आहेत : घरटं कुठं, कशाचं, अंडी किती, त्यांवर ठिपके कसे. कुठल्या कुंपणात, कुठल्या झुडपाखाली, तेसुद्धा. एखाद्या चोख कारकुनानं जंगम मालमत्तेची यादी करावी, तशी. मालमत्ता मात्र कुणाच्याच नावावर नसलेली.

पण हवा बदलली होती. मजूर-कवीचं नवल ओसरलं. १८२७ साली निघालेलं मेंढपाळाच्या बारमाहीचं पुस्तक, जे आज त्याचं उत्तम पुस्तक मानतात, ते पडून राहिलं. तेव्हा आपल्याच पुस्तकाच्या प्रती घेऊन हा कवी दारोदार विकायला फिरला.

१८३२ साली फिट्झविल्यम या उमरावानं त्याला नॉर्थबरो गावी मोठं घर दिलं. बाग, फळझाडं, मोकळी जागा. वाईट काहीच नाही. हेल्पस्टनपासून अंतर तीन मैल. आपल्याकडे लोक तीन मैलांवर बाजाराला जातात! पण क्लेअर तिथं पोचला आणि परदेशी गेल्यासारखा झाला. सूर्यसुद्धा चुकीच्या बाजूला उगवतो असं त्याला वाटे. आधी कुंपणांनी गाव हिरावलं होतं. आता आठवणीतलं गाव ज्या खुंट्यांना टांगलेलं होतं, ते दगड, ती झाडं, त्या वाटाही दृष्टीआड झाल्या. लहानपणी माळापलीकडे हरवलेला तो मुलगा पुन्हा हरवला, आणि या वेळी शोधायला गाव निघालं नाही.

१८३७ साली त्याला लंडनजवळ एपिंगच्या अरण्यातल्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आलं. चार वर्षं काढून २० जुलै १८४१ रोजी तो तिथून निघाला आणि घराच्या दिशेनं चालू लागला. ऐंशी मैल! खिशात पैसा नाही. रात्री झोपताना डोकं उत्तरेकडे करायचं, म्हणजे सकाळी उठल्यावर वाट कुठली ते कळेल. तिसऱ्या दिवशी भूक अनावर झाली तेव्हा रस्त्याकडेचं गवत खाल्लं. चौथ्या दिवशी घराजवळ एक गाडी आली, तीतून एक बाई उतरली आणि त्याला हाताला धरून वर घेऊ लागली. त्यानं तिला ओळखलं नाही. ती पॅटी होती, त्याची बायको. तो निघाला होता मेरी जॉइसकडे. आपलं मेरीशीही लग्न झालं आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. मेरी तीन वर्षांपूर्वीच, १८३८ मध्ये, भाजून मरण पावली होती, अविवाहित. हे त्याला सांगितलं, ते त्यानं मानलं नाही.

पाच महिन्यांनी, डिसेंबरअखेर, त्याला नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात नेलं. भरती करताना डॉक्टरला एक छापील तक्ता भरायचा होता. आजारापूर्वी मनावर मोठा ताण पडला होता का, असा त्यात एक प्रश्न होता. डॉक्टरनं लिहिलं ते असं की, या माणसाला वर्षानुवर्षं कविता करण्याचं व्यसन होतं.

इथं पुस्तक मिटून मी बराच वेळ बसले. मला ते १९८६ चं रजिस्टर दिसलं, माझं अक्षर दिसलं. त्या डॉक्टरचं काही खोटं नव्हतं. तो तेरा वर्षांचा होता तेव्हापासून लिहीत होता, हे खरंच. पण गेलेलं गाव, घटलेलं व्याज, दारोदार नेलेली पुस्तकं, नऊ-दहा माणसांची चूल, यांतलं काही त्या ओळीत नाही. त्याचा आजार निव्वळ याच गोष्टींमुळे झाला, असं म्हणायचा मला अधिकार नाही. मनाचे आजार इतके सरळ नसतात. माझं म्हणणं एवढंच, की रकाना भरणारा हात माझ्यासारखाच होता. वरच्या आठ ओळींत जे असतं, तेच नवव्या ओळीत लिहिणारा.

नॉर्थॅम्प्टनला तो बावीस वर्षांहून अधिक राहिला. वागणूक वाईट नव्हती. शहरात फिरायची परवानगी होती. ऑल सेंट्स चर्चच्या कमानीखाली तो तासन्‌तास बसून राही. तिथल्या विल्यम नाइट नावाच्या व्यवस्थापकानं मात्र एक वेगळंच काम केलं. हा वेडा रुग्ण जे लिही, ते तो जपून उतरवून ठेवत गेला. शेकडो कविता. क्लेअरची आज जगभर वाचली जाणारी कविता, सगळ्यांनी टाकून दिलेल्या माणसाच्या असण्याबद्दलची, ती याच काळातली. नाइटला कुणी हे करायला सांगितलं नव्हतं; नोकरीच्या कुठल्याच रकान्यात ते बसत नव्हतं. मला क्लेअरच्या गोष्टीत सगळ्यांत हेवा वाटतो तो या माणसाचा.

२० मे १८६४ रोजी क्लेअर गेला. त्याचं प्रेत हेल्पस्टनला आणून चर्चच्या आवारात पुरलं. अखेर तीन मैलांचं अंतर मिटलं.

२०१९ साली मुलाकडे केंब्रिजला गेले असताना मी त्याच्यामागे लागून हेल्पस्टन पाहून आले. पांढरं, गवती छपराचं क्लेअरचं घर. ते २००५ साली एका विश्वस्त संस्थेनं विकत घेतलं. शेजारी ती ब्लू बेल खानावळ. स्वॉर्डी वेलचं पुढे बरंच काही झालं, कचऱ्याचं आगारसुद्धा. आता लँगडाइक ट्रस्टनं ते राखीव निसर्गक्षेत्र म्हणून सांभाळलं आहे. एमन्सेल्स हीथही संरक्षित क्षेत्रात आहे. ते वाचवताना लोकांनी क्लेअरच्या कविता पुढे केल्या. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्याच्या नोंदी अखेर दप्तरी लागल्या म्हणायच्या.

हेल्पस्टनला एक जुनी चाल होती. उन्हाळ्यात माळावरची गवताची ढेप कापून आणायची, तिच्यात रानफुलं खोवायची आणि घरात मांडून ठेवायची. क्लेअरला आपल्या एका संग्रहाला त्या चालीचंच नाव द्यायचं होतं; ते पुस्तक त्या नावानं निघायला १९७९ साल उजाडलं. त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास, जुलैमध्ये, गावच्या शाळेतली मुलं अशा फुलांच्या ढेपा आणून त्याच्या थडग्याभोवती मांडतात. मी गेले तेव्हा जुलै नव्हता. थडग्यावर नुसतं ऊन होतं. मी वाकून कडेचं थोडं गवत उपटलं, रुमालात बांधलं, आणि मुलानं विचारलं, हे कशाला, तेव्हा मला त्याला चटकन सांगता आलं नाही.

ती म्हातारी आज नसणार. त्या वस्तीचं नाव मला आठवतं, त्या कुटुंबाचंही. रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं असेल. म्हणून इथं लिहून ठेवते : थकबाकीचं कारण, गायरान.